मुंगसावरची बंदी

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि बाईंनी ते तिथल्या तिथे हातातल्या घड्याळाशी ताडून, तीन मिनिटं मागं आहे म्हणून मुख्याध्यापकांना सांगितलं. आता बोला! निरोप समारंभात तरी माणसानं गप्प बसावं की नाही? पण बाई त्या बाईच. चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं आणि चौतीस वर्षांत कॉपी करून त्यांच्या तावडीतून एकही पोर सुटलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं, त्यावरून काही कळत नाही. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोन पेपरांत एकाच ओळीत एकच चूक दिसली की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि दोघांनाही उभं करायच्या.

या बाईंना पन्नाशीच्या आसपास एक भलतंच खूळ लागलं. शाळेत कॉम्प्युटर आला होता, त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. बाईंनी लावला. आधी मार्कांच्या याद्या केल्या, मग त्याला बुद्धिबळ शिकवायला घेतलं. बाकीच्या बायका त्या वयात गुडघ्यांच्या गोष्टी करतात, ही बाई यंत्राला घोड्याची चाल शिकवत बसलेली. तयार झालेल्या प्रोग्रामचं नाव त्यांनी 'कासव' ठेवलं, आणि त्यानं नावाला बट्टा लावला नाही. स्पर्धेत कासव दरवर्षी शेवटून दुसरं यायचं.

हो, स्पर्धा असायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात, वर्षातून दोन रविवार. वीसेक माणसं आपापले लॅपटॉप घेऊन यायची. टेबलावर लाकडी पट, शेजारी चावीचं घड्याळ. खेळायचं ते यंत्रांनी. माणसानं नुसतं बाजूला बसून आपलं यंत्र सांगेल ते सोंगटं हलवायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही हा पहिला नियम. आपला वजीर फुकट जातोय हे डोळ्यांना दिसत असतं, तरी आपल्याच हातानं तो तिथं नेऊन ठेवायचा. आपलं पोर स्टेजवर कविता विसरलंय आणि आपण पहिल्या रांगेत बसलोय, तशी ती गत. कुणी हे खेळायला का जात असेल, असं बाईंची थोरली बहीण नेहमी विचारायची. ही ताई बाईंबरोबरच राहायची. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, माणसांतलं मात्र बरंच कळायचं.

स्पर्धेला येणाऱ्यांत एक लिफ्टवाले होते. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. नखांत कायम ग्रीस, बोलणं मोजकं, तेही जमिनीशी बोलल्यासारखं. त्यांच्या प्रोग्रामचं नाव 'मुंगूस'. नऊ वर्षं मुंगूस कधी सहावं, कधी आठवं आलं. दहाव्या वर्षी ते पहिलं आलं, आणि आलं तेही शेवटच्या फेरीत घारीला लोळवून. 'घार' दाताच्या डॉक्टरांची. लागोपाठ चार वर्षं पहिली येणारी. डॉक्टर तर शेवटचा डाव सुरू व्हायच्या आधीच फोटोसाठी केस विंचरून बसले होते.

आता या घारीच्या घोड्याला एक खोड होती. पटाच्या उजव्या अंगाला, कडेपासून दुसऱ्या रांगेत एक घर होतं, संधी मिळाली की तो तिथंच जाऊन बसायचा. कुठलाही शहाणा खेळाडू घोडा तिथं नेणार नाही. पण घार जिंकायची, म्हणून लोक त्याला 'घारीचा खास डाव' म्हणायचे आणि डॉक्टरही मान डोलवायचे. त्या शेवटच्या डावात मुंगसाचा घोडासुद्धा आपल्या बाजूच्या त्याच घरात येऊन बसला. डॉक्टरांच्या डोक्यात ट्यूब पेटली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तीन पानी तक्रार दिली, की लिफ्टवाल्यांनी माझा प्रोग्राम चोरला.

चौकशीला तिघांची समिती बसली: अध्यक्ष बाई, सोबत ग्रंथपाल आणि एक वकील. ते दोघं बाई म्हणतील ती पूर्व दिशा मानणारे, तेव्हा समिती एकट्या बाईंचीच म्हणा ना. दोन्ही प्रोग्राम कागदावर छापून बाई लाल पेन घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना हवं ते सापडलं. घोडा कुठल्या घरात किती मोलाचा, हे यंत्राला सांगायला चौसष्ट आकड्यांचा एक तक्ता असतो. पटाच्या मधे आकडे मोठे, काठाला लहान. डावी बाजू आणि उजवी बाजू आरशात बघितल्यासारखी सारखी हवी. घारीच्या तक्त्यात एका घरात, जिथं पंधरा हवे तिथं एक्कावन्न होते. म्हणून तर घोडा तिकडं ओढला जायचा! आणि मुंगसाच्या तक्त्यातही त्याच घरात एक्कावन्न.

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. एकच चूक, एकाच घरात. चौतीस वर्षांत याहून पक्का पुरावा त्यांच्या हाती आला नव्हता. घार मुंगसापेक्षा दोन वर्षं जुनी, म्हणजे कुणी कुणाची उतरवली हे सांगायला ज्योतिषी नको. लिफ्टवाल्यांना बोलावून काही विचारावं असं तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. पेपरात चूक दिसत असताना पोराला काय विचारायचं?

पुढच्या रविवारी सगळ्यांना जमवून बाईंनी उभं राहून निकाल वाचला. मुंगूस हे घारीची नक्कल आहे. पहिला क्रमांक रद्द. मुंगूस आणि त्याच्या कर्त्यावर कायमची बंदी. बाईंचा आवाज मोठा होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. लिफ्टवाल्यांनी लॅपटॉपची वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला.

मग जी लाथाळी सुरू झाली ती काय सांगावी! सात जणांनी पत्र लिहिलं, की एका आकड्यावरून माणसाला चोर ठरवता काय, बंदी उठेपर्यंत आमचा बहिष्कार. ते वाचून डॉक्टरांच्या बाजूच्या सहा जणांनी लिहिलं, की बंदी उठवलीत तर आमचा बहिष्कार. दोघांच्या सह्या दोन्ही पत्रांवर होत्या. विचारलं तर म्हणाले, दोन्हीकडं आपलीच माणसं आहेत, कुणाला नाही म्हणायचं? पुढच्या वर्षी सातांनी व्यायामशाळेत वेगळी स्पर्धा भरवली, त्याच रविवारी. तिथं व्यायामाच्या बाकड्यांवर पट मांडले आणि दोन डाव घसरून पडले. वाचनालयात जेमतेम आठ प्रोग्राम. एक ना धड भाराभर चिंध्या. वीस वर्षं एका थर्मासातला चहा प्यालेली माणसं एकमेकांना बघून रस्ता बदलायला लागली.

आणि लिफ्टवाले? डॉक्टरांचा दवाखाना होता त्या इमारतीची लिफ्ट तेच बघायचे. बातमी जिन्यानं चढत चढत वरपर्यंत गेली. प्रोग्राम चोरतो तो लिफ्टचं सामान बदलून चोरत नसेल कशावरून, असं कुणीतरी म्हणालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! काम दुसऱ्याला गेलं. मग शेजारच्या इमारतीचंही गेलं. हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. पण ताईला त्या म्हणाल्या, की पेपर तपासून झाला की मार्क बदलत नाहीत. ताईनं नुसतं ताट उचललं.

दुसऱ्या वर्षी वाचनालयातल्या स्पर्धेला सातच नावं आली. नियमाप्रमाणे आठ हवीत. बाई जुन्या वह्या काढून एकेकाला फोन करत बसल्या. त्यात एक बेकरीवाले सापडले. सोळा वर्षांपूर्वी यायचे, मग दुसरी भट्टी टाकली आणि येणं बंद झालं. माणूस दिलखुलास. जुना प्रोग्राम पडलाय तसाच, धूळ झटकून देतो म्हणाले आणि दिलाही. आता बंदीच्या भानगडीनंतर नवा नियम झाला होता, की नव्यानं येणारा प्रत्येक प्रोग्राम समितीनं आधी तपासायचा. बाईंनी छापला, लाल पेन घेतलं, घोड्याचा तक्ता काढला. उजवीकडून दुसरी रांग. एक्कावन्न.

बाईंचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला. बेकरीवाल्यांनी चोरला म्हणावं तर त्यांचा प्रोग्राम घारीच्याही आधीचा. डॉक्टर पहिल्यांदा स्पर्धेला आले त्याच्या दोन वर्षं आधी बेकरीवाले खेळणं सोडून गेले होते. म्हणजे चोर डॉक्टर! आणि आपण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. बाईंच्या अंगाची आग झाली. डॉक्टरांच्या बंदीचं पत्र त्यांच्या डोक्यात मायन्यासकट तयार झालं, आणि त्या कागद शोधायला उठल्या.

"एकाला न विचारता घालवलंस," ताई भाजी निवडता निवडता म्हणाली. "या वेळी कुणाला तरी विचार."

बाईंना राग आला, आणि राग आला म्हणूनच त्या चपला घालून तडक बेकरीत गेल्या. बेकरीवाले पिठानं माखलेले. बाईंनी छापील कागद पुढं धरला, लाल गोल दाखवला, आणि हा तक्ता आणला कुठून ते विचारलं. त्यांनी मान तिरकी करून बघितलं आणि हसले. आत गेले, ऑर्डरींच्या कागदांचा डबा उपसला, आणि लोण्याचे डाग पडलेला एक कागद घेऊन आले.

"अहो बाई, हे तर तुमचंच," ते म्हणाले. "नव्या लोकांसाठी चहाच्या टेबलावर गठ्ठा ठेवायचात ना?"

चौसष्ट चौकोन, पट्टीनं आखलेले. आत आकडे, बाईंच्या हातचे. इंग्रजी सातचा दांडा मधोमध आडव्या रेघेनं कापलेला, तसा कापायची सवय त्या गावात दुसऱ्या कुणालाच नव्हती. वर नाव नाही, कारण ज्ञानावर कसलं नाव घालायचं, असं बाईंचंच तेव्हाचं म्हणणं. आणि उजवीकडून दुसऱ्या रांगेत ठसठशीत एक्कावन्न.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. कासवात ही चूक नव्हती, कारण तिथं त्यांनी अर्धाच तक्ता लिहून उरलेला अर्धा यंत्राला उलटून घ्यायला सांगितलं होतं. कागदावर मात्र सगळे आकडे हातानं लिहिले, आणि एका घरात आकडे उलटून पंधराचे एक्कावन्न झाले. तो गठ्ठा वर्षानुवर्षं चहाजवळ पडून असायचा. ज्यानं त्यानं उचलला, झेरॉक्सची झेरॉक्स काढली, आपल्या प्रोग्राममध्ये घातला आणि पुढं दहा वर्षं दुसरंच काही सुधारत राहिला. कुणी कुणाचं चोरलं नव्हतं. वर्गातल्या सगळ्यांची एकच चूक आली तर कॉपी शोधायच्या आधी मागं वळून फळा बघावा, असं नव्या शिक्षकांना सांगायच्या त्या बाईच. आणि स्वतःचा फळा त्यांनी पाहिला नव्हता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

घरी आल्यावर त्या पत्र लिहायला बसल्या. ताईनं हातातलं पेन काढून घेतलं. पत्र नको, म्हणाली, पायांनी जा, आणि आधी त्याच्याकडे जा.

लिफ्टवाले एका आठ मजली इमारतीत कामावर होते. तिथली लिफ्ट बंद होती, कारण ते तीच दुरुस्त करत होते. बाई आठ मजले चढल्या, वर गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीपर्यंत. ते मोटारीपाशी गुडघ्यांवर बसले होते. बाईंना बघून उठले, एक लाकडी खोकं पालथं करून पुढं सरकवलं. बाईंचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत ते पाना पुसत उभे राहिले.

बाईंनी कागद दिला आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"हाच," ते म्हणाले. "माझी झेरॉक्स फार फिकट होती. अक्षर तुमचं आहे हे कळलं नाही. बंदीनंतर वाटलं, डॉक्टरांचाच कागद असेल."

 पुढं त्यांनी जे सांगितलं ते अगदी शांतपणे, कुणा तिसऱ्याबद्दल सांगावं तसं. बंदीनंतर ते रोज कामावरून आले की मुंगूस उघडून बसायचे. एकेक ओळ वाचायची आणि ही आपल्याला कुठून सुचली ते आठवायचं. जिचं मूळ आठवेना ती पुसून टाकायची. असं सात-आठ महिने चाललं. शेवटी मुंगसात काही उरलंच नाही. आता ते नियमानं सोंगट्या हलवतं, बस्स.

"मला खरंच वाटायला लागलं होतं, बाई," ते म्हणाले, "की मी चोरलं असणार. तुम्ही एवढ्या खात्रीनं म्हणालात."

बाईंनी आयुष्यात कुठल्याही विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती, तशी वेळच कधी आली नाही असं त्यांना वाटायचं. त्या खोक्यावरून उठल्या. चूक माझी आहे, तुम्ही चोर नाही, मला माफ करा, असं त्यांनी म्हटलं, आणि म्हणताना त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

"तेव्हा मला बोलावलं का नाहीत?"

बाईंना दोन-तीन उत्तरं सुचली. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही.

"मला खात्री होती," त्या म्हणाल्या.

लिफ्टवाल्यांनी मान हलवली. रविवारी येईन, म्हणाले, पण निकाल जिथं सांगितलात तिथंच हेही सांगा. मग त्यांनी खटका दाबला, मोटार सुरू झाली, आणि बाई खाली लिफ्टनं गेल्या.

बाईंनी दोन्ही तटांना रविवारी सभागृहात बोलावलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा सगळे एका छताखाली आले, तेही मधे रिकाम्या खुर्च्यांची एक रांग सोडून. लिफ्टवाले मागं दाराजवळ उभे राहिले. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं आणि लोण्याचे डाग पडलेला कागद हातोहात फिरवायला दिला. बंदी चुकीची होती, मुंगसाचा पहिला क्रमांक खरा होता, डॉक्टरांचाही दोष नव्हता. समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा त्यांनी टेबलावर ठेवला.

कागद डॉक्टरांपाशी आला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. घारीचा खास डाव म्हणून लोक ज्याचं कौतुक करायचे तो कुणाच्या तरी हाताची चूक निघाला. बिचाऱ्यांना वाईट वाटणारच. ते ताडकन उठले. या एका कागदापायी दोन वर्षं स्पर्धा बुडाली, मित्र तुटले, एका माणसाची कामं गेली, म्हणाले. नियम सगळ्यांना सारखा, तेव्हा बाईंवरही कायमची बंदी घाला. सातांच्या बाजूनं कुणीतरी बरोबर आहे म्हणालं. दोन वर्षांत दोन्ही तटांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि झालं ते यावर! ग्रंथपालांनी चाचरत विचारलं, मत घ्यायचं का. बाई म्हणाल्या, घ्या. त्यांना ते न्यायाचंच वाटलं. हात वर जायला लागले.

"थांबा," मागून लिफ्टवाले म्हणाले. एवढ्या वर्षांत सभागृहात त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "हात नंतर वर करा. आधी त्यांना विचारा तरी."

वर गेलेले हात अर्ध्यात थांबले. विचारायचं म्हणजे काय ते कुणालाच कळेना. तेव्हा ते स्वतःच रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेतून पुढं आले आणि बाईंच्या समोर उभे राहिले.

"बाई, कसं झालं हे?"

बाईंनी सांगितलं. नव्या लोकांना लिहून द्यायला छापील असं काही नव्हतं. त्या रविवारी सकाळी चहाच्या आत कागद तयार करायचा म्हणून घाईघाईनं बसल्या. मुलांना चौतीस वर्षं सांगत आल्या, की उत्तर पुन्हा एकदा ताडून बघा. स्वतः ताडून बघितलं नाही. "माझी कसली चूक होणार, असं वाटलं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

लिफ्टवाल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते वळले आणि ग्रंथपालांना म्हणाले, आता घ्या मत. एकही हात वर गेला नाही, डॉक्टरांचासुद्धा नाही. पण बाईंना ते दिसलं नाही. कुणीतरी आपल्याला विचारलं, एवढ्यानंच त्यांना रडू फुटलं होतं. आणि त्या माणसाला आपण एवढंसुद्धा दिलं नव्हतं, हे कळून ते थांबेना.